भरलेल्या गाडीचा हिशेब

गाडी चालवून बघितली तेव्हा ती रिकामी होती. पुढे मी, शेजारी काका, मागे कोणी नाही, डिकीत एक पिशवीसुद्धा नाही. पळाली सुरेख. वळणावर घट्ट बसली, दुसऱ्या गियरला पाठ सीटला टेकली आणि माझा विचार तिथेच पक्का झाला. पुढच्या आठवड्यात मागे तिघं बसले, डिकी सामानाने भरली आणि पहिल्याच गतिरोधकावर मागून ‘धाड’ असा आवाज आला. स्प्रिंगचा नव्हता तो. चाकाला आणखी वर यायला जागाच उरली नाही की येतो, तो आवाज. काका मागे बसले होते. ते एवढंच म्हणाले, “अगं, ही गाडी कुणीतरी एकट्यासाठी करून ठेवली आहे.”

पुढचे चार महिने मी जे काही केलं ते त्या एका वाक्यामागे.

गाडी आहे स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस कॉम्बी, म्हणजे लांब पाठीची वॅगन, दुसऱ्या पिढीतली, २०११ सालची. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, कारखान्यातून निघताना २०० अश्वशक्ती आणि २८० न्यूटन-मीटर, सहा गियरचा मॅन्युअल बॉक्स, ताकद पुढच्या चाकांना. अशा गाडीचा शोध मी खूप दिवस घेत होते. वेगवान वॅगनचं मला लहानपणापासून वेड आहे. ऑडीने १९९४ साली पोर्शच्या मदतीने आरएस २ अवांत काढली, ३१५ अश्वशक्तीची. त्याच वर्षी व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये चक्क ८५० वॅगन उतरवली. रेसच्या गाड्यांच्या रांगेत ती लांब, चौकोनी पाठीची गाडी उभी असल्याचे फोटो मी आजही उघडून बघते. घरातल्या सगळ्यांना आणि त्यांच्या सामानाला घेऊन जाणारी गाडी मनापासून पळूही शकते, ही कल्पनाच मला फार आवडते.

आधीच्या मालकांनी काही लपवलं नव्हतं. गाडी ४० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग, चाकं बाहेर काढणाऱ्या चकत्या म्हणजे स्पेसर आणि इंजिनाच्या संगणकात ताकद वाढवणारा कुठलातरी मॅप, एवढं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मॅप कोणी केला, किती ताकदीचा, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण तो त्यांच्याही आधीचा. शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळ्या) मात्र कारखान्याचेच, गाडीइतकेच जुने.

पाना हातात घ्यायच्या आधी मी मापं घेतली. घरी काम करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच, की हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजा आणि लिहून ठेवा. टायरमधल्या हवेने हे माप बदलत नाही, म्हणून ते जमिनीपासूनच्या मापापेक्षा भरवशाचं. रिकाम्या गाडीची मापं झाली, मग भरलेल्या गाडीची. वजनासाठी मी २० लिटरचे पाच कॅन पाण्याने भरून डिकीत ठेवले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे बरोबर १०० किलो, वर कॅनचं वजन किरकोळ. काम झालं की पाणी झाडांना. मागच्या सीटवर काका आणि माझा भाऊ. मागची बाजू ४१ मिमी खाली बसली.

मग शॉकच्या दांड्यावर एक प्लास्टिकचा केबल टाय घट्ट बांधला आणि तो खाली सरकवून ठेवला. शॉक दबला की टाय वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो, म्हणजे चाक किती वर आलं ते नंतर शांतपणे बघता येतं. भरलेली गाडी घेऊन घराजवळच एक फेरी मारली. परत येऊन पाहिलं तर दोन्ही बाजूंचे टाय बंप-स्टॉपच्या, म्हणजे चाकाला शेवटी अडवणाऱ्या ठोकळ्याच्या, रबरात रुतले होते. गाडीला मागे प्रवासच उरला नव्हता, ती रबरावर उभी राहून धावत होती.

खरं कारण स्प्रिंग हातात आल्यावर कळलं. या गाडीत मागची स्प्रिंग आणि शॉक वेगवेगळे बसतात. स्प्रिंग खालच्या आर्मवर असते. आर्मखाली जॅक लावायचा, बाहेरच्या टोकाचा बोल्ट काढायचा आणि जॅक हळूहळू उतरवायचा की स्प्रिंग मोकळी होते. आर्मच्या आतल्या टोकाच्या, चाकाचा कोन ठरवणाऱ्या एक्सेंट्रिक बोल्टांना मी हात लावणार नव्हते, तरी त्यांच्या जागांवर पांढऱ्या रंगाने खुणा करून ठेवल्या. मळ पुसून स्प्रिंगवरचा नंबर वाचला आणि तो उत्पादकाच्या यादीत शोधला, तर त्या स्प्रिंग वॅगनच्या नव्हत्याच. उतरत्या पाठीच्या लिफ्टबॅक बॉडीसाठीच्या होत्या. दोन्ही गाड्या पुढून सारख्या दिसतात, बोल्टही त्याच जागी बसतात, पण वॅगनच्या मागच्या बाजूचं वजन जास्त आणि तिच्याकडून अपेक्षित ओझंही जास्त. कुणी मुद्दाम केलं असेल असं नाही. यादीतली एक ओळ चुकली असेल, पण पुढची कित्येक वर्षं मागे बसणाऱ्या प्रत्येकाच्या मणक्याने ती चूक सोसली.

मी उंची कारखान्याचीच ठेवली. आरएस मुळातच साध्या ऑक्टेव्हियापेक्षा खाली असते, आणखी खाली आणून मिळवायचं काही नव्हतं. वॅगनच्याच मागच्या स्प्रिंग, पुढे आरएसच्या आणि चारही बाजूंना नवे, जरा घट्ट शॉक. फोटोत गाडी आता तितकी झोकदार दिसत नाही, हे मला मान्य आहे.

पुढच्या बाजूने दोन दिवस खाल्ले. शॉकची नळी खाली नकलमध्ये, म्हणजे हब धरणाऱ्या धातूच्या भागात, पकडलेली असते. एकच बोल्ट, पण तो काढला तरी नळी हलत नाही. नकलला उभी चीर असते, त्या चिरेत एक चपटं टोक घालून ते पाव वळण फिरवायचं, म्हणजे चीर किंचित उघडते. त्यासाठी मिळणारं खास सॉकेट छोटंसं असतं, ते आधीच घेऊन ठेवावं. स्क्रू-ड्रायव्हर ठोकून हे काम करू नये, चिरेची धार दुमडते. नळीभोवती गंज होता. भेदक तेल मारून रात्रभर ठेवलं आणि सकाळी हब खाली दाबत, डावी-उजवीकडे हलवत ती सुटली.

पुढच्या शॉकभोवतीची स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरबद्दल मी गंभीरपणे लिहिते. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. दोन्ही हूक समोरासमोर, दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे, आणि तोंड कधीही स्प्रिंगच्या टोकासमोर नाही. काका एका यंत्रशाळेत तीस वर्षांहून जास्त काळ टर्नर होते. त्यांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला नाही, पण स्प्रिंगच्या टोकासमोरची जागा रिकामी आहे ना, हे ते प्रत्येक वेळी बघत होते. गाडीखाली जाण्याचा नियमही त्यांचाच: जॅक उचलण्यासाठी, स्टँड धरण्यासाठी, आणि काढलेलं चाक दाराखालच्या कडेखाली आडवं सरकवलेलं. तीनही गोष्टी जागेवर असल्याशिवाय खांदासुद्धा आत जायचा नाही.

पुढचं चाक जागेवर धरणाऱ्या कंट्रोल आर्मची मागची बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलेली होती. ब्रेक मारताना स्टिअरिंग किंचित एका बाजूला जायचं त्याचं मूळ तिथे होतं. मी भरीव रबराच्या बुश बसवल्या. बुशचं रबर आतल्या धातूच्या नळीला चिकटलेलं असतं. गाडी हवेत, चाक लोंबकळतंय अशा अवस्थेत बोल्ट आवळला तर नळी त्या कोनात पकडली जाते. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानेच लावायचे, मग हबखाली जॅक लावून सुरुवातीला लिहिलेली उंची आणायची आणि तेव्हाच आवळायचे. मी रिकाम्या आणि भरलेल्या मापाच्या मधली उंची धरली. बहुतेक बोल्ट ताणले जाणारे होते, ठरलेला टॉर्क आणि वर ९० अंश. ते एकदाच वापरायचे, म्हणून सगळे नवे घेतले.

जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) मागे लावावा असं मला अनेकांनी सुचवलं. पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी वळणात नाक बाहेर काढते. मागचा बार जाड केला की मागची चाकं आपली पकड थोडी लवकर सोडतात आणि गाडी जास्त राजीखुशीने वळते. रिकाम्या गाडीत हे छानच वाटतं. पण डिकीत १०० किलो, मागे तीन माणसं आणि ओला रस्ता असेल, तर मागची पकड आधी सोडणारी गाडी मला नको आहे. बार मूळचाच राहिला, फक्त त्याच्या लिंक नव्या केल्या.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या दिशेची जुळणी, घरी दोरीने केली, नंतर यंत्रावर तपासून घेतली. गाडीच्या दोन्ही बाजूंना चार स्टँडवर दोऱ्या ताणायच्या, दोन्ही दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेला समांतर आणायच्या आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. १८ इंची रिमच्या कडेला १० मिनिटांचा कोन (अंशाचा सहावा भाग) म्हणजे जेमतेम १.४ मिमी. इतकं बारीक मोजता येतं यावर माझा विश्वास नव्हता, पण काकांनी तीन वेळा मोजून सरासरी घ्यायला लावली. यंत्राचा आकडा आमच्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत निघाला. हेही काम डिकीत पाणी ठेवूनच केलं, अर्धे कॅन भरून.

ब्रेक हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल. गणित सोपं आहे. रिकामी गाडी साधारण दीड टन, माणसं आणि सामान धरून दोन टनांच्या आसपास. ताशी १०० किमी वेगावरून दीड टन थांबवायला सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता डिस्कमध्ये जाते, दोन टनांना ७७०. एकदा थांबायचं तर काही बिघडत नाही. लांबलचक उतारावर पुन्हा पुन्हा थांबायचं तर डिस्कला थंड व्हायला वेळ मिळत नाही. मूळच्या पुढच्या डिस्क ३१२ मिमी व्यासाच्या आणि २५ मिमी जाड. त्याच प्लॅटफॉर्मवरच्या जास्त ताकदीच्या गाड्यांना ३४५ आणि ३० मिमीच्या येतात, त्यांच्या कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) आणि तो धरणाऱ्या कॅरियरसकट त्या या नकलवर बसतात. विकत घ्यायच्या आधी मी पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून चाकात फिरवून बघितला. १८ इंची चाकात तो स्पोकपासून थोडक्यात सुटला.

दोन गोष्टी आधी लक्षात आल्या नव्हत्या. मूळचं धूळ अडवणारं पत्र्याचं कवच मोठ्या डिस्कला घासतं, तेही मोठं घ्यावं लागलं. दुसरी गोष्ट महत्त्वाची: डिकीतलं छोटं सुटं चाक आता पुढच्या कॅलिपरवर बसत नाही. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चाक काढून पुढे लावायचं आणि सुटं चाक मागे. रस्त्याच्या कडेला हे पहिल्यांदा कळू नये, म्हणून मी घरी एकदा पूर्ण करून बघितलं आणि त्यासाठी दुसरा एक स्टँड डिकीत ठेवला.

डिस्क टेकते तो हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासला. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही थोडी तिरकी फिरते आणि काही हजार किलोमीटरांनी पेडल थरथरायला लागतं. मग तेल बदलणं. डॉट ४ ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सियस, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरलेला चालतो. म्हणजे जुन्या तेलाच्या गाडीला मोठ्या डिस्क लावून अर्धाच फायदा. काका पेडलवर आणि मी चाकापाशी, जुनं तेल सोडणाऱ्या निप्पलवर.

“दाबा.”

“दाबलं.”

“धरा... सोडू नका हं.”

“धरलंय गं. तू निप्पल बंद केल्याशिवाय पाय उचलत नाही.”

चारही चाकांना हेच, पारदर्शक नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. दर काही दाबांनंतर वरच्या डबीतली पातळी बघायची. ती रिकामी होऊन हवा एबीएसच्या युनिटमध्ये गेली, तर ती काढायला स्कॅनर लागतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मोकळ्या रस्त्यावर पॅड डिस्कवर घासून रुळवून घेतले: शंभरवरून वीसपर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता, मग बराच वेळ ब्रेक न लावता गार होऊ दिले.

इंजिनाकडे मी सगळ्यात शेवटी वळले. गाडी जागेवर उभी असताना इंजिन हलकंसं डोलायचं. स्कॅनरवर, इंजिन नुसतं चालू असताना संगणक जास्तीचं पेट्रोल देताना दिसत होता आणि आरपीएम वाढवले की ती भरपाई कमी व्हायची. मीटरमधून न मोजलेली हवा कुठूनतरी आत येत असेल तर असंच दिसतं. चालू इंजिनावर तेलाचं झाकण उघडायला गेले तर ते खालून जोरात ओढलं जात होतं. क्रँककेसमधली वाफ नियंत्रित करणाऱ्या झडपेचा पडदा फाटला की हे होतं. झडप बदलायला अर्धा तास पुरला.

व्हॉल्व्हवरचा कार्बन मात्र चिकाटीचं काम. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, त्यामुळे आत येणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर ते कधी पडतच नाही. तिथे पोचते ती फक्त तेलाची वाफ, आणि ती तापून वर्षानुवर्षं थर देत राहते. डायरेक्ट इंजेक्शनच्या जुन्या गाड्यांत हे दिसतंच. आधी इंधनाचा दाब उतरवला, कारण या पंपाचा दाब १५० बारपर्यंत जातो. मग हवा आत नेणारा मॅनिफोल्ड काढला. त्याबरोबर दोन इंजेक्टरही बाहेर आले, म्हणून चारही काढून टोकांचे टेफ्लॉन सील नवे केले. ते तेल न लावता, निमुळत्या साधनावरून ताणून बसवायचे आणि पुन्हा मूळ मापावर आवळून घ्यायचे असतात. ज्या सिलिंडरवर काम त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत, त्यासाठी क्रँक हाताने, इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवला. अक्रोडाच्या कवचाची भुकटी हवेच्या दाबाने आत मारायची आणि दुसऱ्या नळीने ओढून घ्यायची. ती कार्बन खरवडते, पण धातूला ओरखडा पाडत नाही. इतर सिलिंडरांच्या तोंडांत कोंबलेल्या चिंध्या मोजून कोंबल्या, मोजून काढल्या. चारही सिलिंडर व्हायला एक आख्खा दिवस गेला. संध्याकाळी टॉर्चच्या उजेडात व्हॉल्व्हची राखाडी पाठ दिसली तेव्हा मी काकांना मुद्दाम हाक मारून दाखवली.

अनोळखी मॅप पुसून मी गाडी कारखान्याच्या मॅपवर आणली आणि महिनाभर तशीच चालवली. नंतर एक सौम्य मॅप घातला, मूळ क्लचला झेपेल इतका. तो रिकाम्या गाडीत छान वागला. पाणी भरून चढावर नेली तेव्हा नोंदींत दिसलं, की आत येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा ३० अंशांनी तापतेय आणि संगणक इग्निशन मागे घेतोय, म्हणजे ठिणगी उशिरा पाडून ताकद कमी करतोय. ओझं असलं की इंजिन टर्बोच्या दाबाखाली जास्त वेळ राहतं, रिकाम्या गाडीच्या छोट्या धावेत हे दिसतच नाही. टर्बोतून येणारी हवा गार करणारा इंटरकूलर मोठा बसवल्यावर तोच चढ, तेच पाच कॅन, आणि फरक १२ अंशांवर आला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावला नाही, लावणारही नाही. सगळे बदल विमा कंपनीला लेखी कळवले आणि तपासणीत दाखवले. प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे, पण अपघातानंतर कागद शोधत बसण्यापेक्षा हे आधी केलेलं बरं.

परवा सगळे पुन्हा निघालो. मागे तेच तिघं, डिकी छतापर्यंत. शॉकच्या दांड्यांवर मी नवे केबल टाय बांधले होते. त्याच गतिरोधकावर गाडी खाली गेली, वर आली आणि एकदाच श्वास घेतल्यासारखी स्थिर झाली. मागचं बोलणं मध्ये तुटलं नाही.

थांबलो तेव्हा मी आधी वाकून टाय बघितले. बंप-स्टॉपच्या खाली दोन बोटं जागा होती. काका उतरून पाय मोकळे करत होते.

“चाकं लावून किती किलोमीटर झाले?” त्यांनी विचारलं.

“साठ.”

“मग काढ रेंच.”

सामान बाजूला करून टॉर्क रेंच काढला, १२० न्यूटन-मीटरवर लावला आणि चारही चाकांचे वीस बोल्ट एकेक करून तपासले. प्रत्येकाला लगेच ‘टक्’ आवाज आला. काकांनी शेवटच्या चाकाला स्वतः हात लावून बघितलं, मग मागच्या सीटवर जाऊन बसले आणि गाडी सुरू व्हायच्या आत डोळे मिटून घेतले.